झोपेची मोजणी : मेंदूपासून मनगटापर्यंत

कागल पंचतारांकित एमआयडीसीत तिसरी पाळी करून दिवसा झोपणारे बरेच आहेत. त्यातल्या सीपॅप लावणाऱ्यांचा एक प्रश्न असतो : झोप मोजणारं कोणतं घड्याळ खरं सांगतं? उत्तर इतिहासात आहे.

१९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. पुढे झोपेची मोजणी या लहरींवरून होऊ लागली. झोपेत श्वास अडतो, त्यावरचा सीपॅप १९८१ चा, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा आजार निघाला.

घड्याळाची वंशावळ वेगळी. ते हाताची हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. निपचित जागा पडलेला माणूसही त्याला झोपलेला वाटतो. उपचार चालू असताना श्वास किती वेळा अडला, ते सीपॅप यंत्राच्या नोंदीत बघायचं. घड्याळ घेताना ते दिवसाची झोप पूर्ण नोंदवतं का, हे आधी पाहा. गाढ झोपेच्या मिनिटांवर भाळू नका. आणि आकडे चांगले असूनही कामावर पेंग येत असेल, तर डॉक्टरांना गाठा. मशीनवर उभ्या माणसाला डुलकी परवडत नाही.