आयोवातील सायकलयात्रेची परंपरा

अमेरिकेच्या आयोवा राज्यात दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात मक्याच्या शेतांमधून आणि चढउतारांच्या माळरानांतून आठवडाभर चालणारी ‘रॅगब्राय’ ही सायकलयात्रा १९७३ मध्ये ‘डि मॉइन रजिस्टर’ या दैनिकाचे जॉन करास आणि डोनाल्ड कॉल या पत्रकारांनी वाचकांना सोबत येण्याचे आवाहन केल्यामुळे सुरू झाली. त्या पहिल्या यात्रेत स्यू सिटीहून सुमारे ३०० जण निघाले. ८३ वर्षांच्या क्लॅरेन्स पिकर्ड यांनी बायकांच्या सायकलीवरून यात्रेचे अखेरचे ठिकाण असलेले डॅव्हनपोर्ट गाठले, तेव्हा राज्यभर त्यांचे कौतुक झाले. निघताना मागचे चाक मिसुरी नदीत आणि पोहोचल्यावर पुढचे चाक मिसिसिपीत बुडवण्याचा प्रघात पुढे रूढ झाला. सामान ट्रकमधून पुढे जाते, थकलेल्यांना ‘सॅग वॅगन’, म्हणजे मागून येणारी मदतगाडी, उचलून घेते, तर मुक्कामाच्या गावी बागांत व अंगणांत तंबू पडतात आणि चर्चची मंडळी जेवण रांधून वाढतात. ही परंपरा पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली, याचे मोठे श्रेय सायकलस्वारांइतकेच या छोट्या गावांच्या आतिथ्याला द्यावे लागते.