सोडणें आणि राहणें

शहरास कंटाळलेल्या सुशिक्षित माणसाचें एक ठरलेलें स्वप्न असतें. डोंगराच्या कुशींत चार एकर जमीन, मातीचें घर, स्वतःची विहीर, स्वतःचा भाजीपाला. विजेची तार नको, बाजार नको, आणि लोकांच्या नजरेपासून इतकें दूर कीं अंगावर कपडा असो वा नसो, विचारणारा कोणी नसावा. मुळशी-मावळच्या बाजूस जमिनी पाहत हिंडणाऱ्या पुणेकर तरुणांच्या तोंडून हें स्वप्न आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. त्यांना तें अगदीं नवें वाटतें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तसें वाटत नाहीं. कारण या स्वप्नाच्या सर्वांत धीट भागाचा प्रयोग सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं याच सह्याद्रींत होऊन गेला आहे.

इ. स. १८९१ मध्यें ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनीं ‘नग्न विश्वासाचें बंधुमंडळ’ अशा अर्थाच्या नांवाची एक संस्था काढली. पाश्चात्त्य धर्तीच्या निसर्गवादी मंडळांत हें पहिलें ज्ञात मंडळ मानलें जातें. सभासद अवघे तीन : विधुर क्रॉफर्डसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. भेटण्याचें ठिकाण माथेरान. न्यायाधीशच ते; नग्नतेलाहि त्यांनीं नियम घालून दिले. अंगावर सूतहि असूं नये, मात्र चष्मा, अंगठी आणि खोटे दांत चालतील! पुढें साहेबांची बदली रत्नागिरीस झाली आणि मंडळ आटोपलें. १८९४ सालीं क्रॉफर्ड वारले.

ही हकीकत केवळ हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. कोट आणि कॉलर हींच ज्या समाजांत अधिकाराचीं चिन्हें, त्या समाजांतील अधिकाऱ्यानें तीं उतरवावीं याला धैर्य लागतें. परंतु ज्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकर पोटासाठीं लंगोटीवर राबत होते, त्याच डोंगरावर साहेबाला कपडे काढणें हें बंड वाटलें, हा विरोध नजरेआड करतां येत नाहीं. आपल्याकडे दिगंबर साधूची परंपरा प्राचीन आहे. अलीकडच्या काळांत भोज गांवच्या आचार्य शांतिसागरांनीं (१८७२-१९५५) तिला नवें तेज दिलें. पण दिगंबर मुनीला वस्त्राबरोबर घर, शेत, भांडें सर्वच सोडावें लागतें. तो दिवसांतून एकदांच, ओंजळींत घेऊन जेवतो. वस्त्र टाकून जमीन मात्र नांवावर ठेवणाऱ्या गृहस्थानें त्याचा दाखला देण्यांत अर्थ नाहीं.

गृहस्थास उपयोगी पडेल असा दाखला इंग्लंडांत सांपडतो. क्रॉफर्डसाहेब आपल्या मंडळाची हकीकत ज्यांना पत्रांतून कळवीत, ते एडवर्ड कार्पेंटर केंब्रिजमधील मानाची जागा सोडून बाहेर पडलेले गृहस्थ होते. १८८३ सालीं शेफील्डजवळील मिलथॉर्प या खेड्यांत ते राहावयास गेले, स्वतः भाजीपाला पिकवून बाजारांत विकूं लागले, आणि काश्मीरहून आलेल्या वहाणांच्या नमुन्यावर वहाणा शिवूं लागले. तेथें ते जवळजवळ चाळीस वर्षें राहिले. सुधारणा हा एक रोग आहे असें मांडणारें त्यांचें पुस्तक १८८९ मध्यें निघालें. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्यां’त गांधींनीं त्याचा आदरानें उल्लेख केला आहे.

त्याच सुमारास जर्मनींत हार्त्स पर्वताच्या पायथ्याशीं अडॉल्फ युस्ट यांनीं युंगबॉर्न नांवाचें आरोग्यधाम काढलें. तेथें रोगी उजेड-वारा खेळणाऱ्या लाकडी झोपड्यांत राहत आणि उघड्या अंगानें ऊन घेत. १९१२ सालीं गेलेल्या काफ्का या लेखकानें आपली पोहण्याची चड्डी कांहीं सोडली नाहीं, म्हणून तो तेथें वेगळा दिसे. युस्टचें पुस्तक गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत वाचलें, आणि त्यांतील मातीचा उपचार उचलला. पुढें १९२१ मध्यें मदुरा येथें त्यांनीं पंचा पत्करला, तो ऊन घेण्यासाठीं नव्हे. गरिबांच्या अंगावर याहून अधिक वस्त्र नाहीं म्हणून.

येथून ही कथा आमच्या पुण्यांत येते. डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यांतील निसर्गोपचारगृहांत गरिबांची सोय करावी असा गांधींचा बेत होता. पण खेड्यांतला गरीब शहरांत येणार नाहीं, आपणच तेथें गेलें पाहिजे, हें ध्यानांत येतांच त्यांनीं तो बदलला. मार्च १९४६ मध्यें ते सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथें गेले. ऊन, पाणी, माती, साधा आहार आणि रामनाम एवढींच औषधें! गांधी कांहीं दिवसांनीं निघून गेले. सुरत जिल्ह्यांतले तरुण मणिभाई देसाई मात्र तेथें राहिले, ते १९९३ मध्यें मृत्यु येईपर्यंत. गांव निरोगी व्हावयाचा तर आधीं तेथें दूध आणि धान्य हवें, हें त्यांनीं ओळखलें. १९६७ मध्यें त्यांनीं ‘बायफ’ संस्था काढून शेतकऱ्यांच्या दारीं संकरित गाई पोंचविण्याचें काम हातीं घेतलें. निसर्गाकडे निघालेला माणूस असा अखेर शेजाऱ्याच्या गोठ्यांत पोंचला.

आणि त्यासाठीं खेड्यांतच जावें लागतें असेंहि नाहीं. गरवारे महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. हेमा साने बुधवार पेठेच्या गजबजाटांत आयुष्यभर विजेवांचून राहिल्या, आणि तशा घरांत बसून त्यांनीं झाडांवर ग्रंथ लिहिले. त्यांनीं ना संस्था काढली, ना नियम केले.

या सर्वांनीं कांहीं ना कांहीं सोडलें. माथेरानवर सर्वांत अधिक सोडलें गेलें, आणि एका बदलीच्या हुकमासरशीं सर्व संपलें. मिलथॉर्प, उरुळी आणि बुधवार पेठ येथें त्या मानानें थोडें सोडलें गेलें; पण माणसें तेथें राहिलीं. आमच्या मतें कसोटी हीच आहे. पुढल्या खेपेस एखादा तरुण जमिनीबद्दल आमचा सल्ला विचारावयास आला, तर विहिरीला पाणी किती हें पाहण्याआधीं शेजारीं घर कोणाचें आहे तें पाहून ये, एवढेंच आम्ही त्याला सांगूं.