देवगिरीचे देशी ताल आणि मेसियांची ऑर्गनरचना

यादव राजा सिंघण (इ. स. १२१० ते १२४७) याच्या पदरी देवगिरीस जमाखर्चाचे अधिकारपद भूषविणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचा आजा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आलेला. आज फुलंब्री, खुलताबाद या गावांच्या आसपास जो मुलूख दिसतो, तो त्या काळी या राजधानीचाच शेजार होता. ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात १२० देशी तालांची लक्षणे दिली आहेत. त्यांचे एक विलक्षण उत्तरचरित्र विसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडले.

पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये हा ग्रंथ छापला. पुढे १९१३ साली जोआनी ग्रोसे याने एका फ्रेंच संगीतकोशातील भारतविषयक लेखात या तालांचे कोष्टक दिले. ते ऑलिव्हिए मेसियां (१९०८-१९९२) याच्या हाती पडले. तो १९३१ पासून पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक होता. हा ऑर्गन म्हणजे आपल्या नाट्यसंगीताला साथ करणारे वाद्य नव्हे. शेकडो नळ्यांचे, इमारतीतच उभारलेले ते अवाढव्य वाद्य होय.

मेसियांचे लक्ष प्रथम ‘रागवर्धन’ तालाने वेधले. (मराठी कानाला हे नाव क्रोध वाढविणारे वाटावे!) द्रुत, विरामयुक्त द्रुत, पुन्हा द्रुत आणि शेवटी प्लुत, म्हणजे अर्धी, पाऊण, अर्धी आणि तीन मात्रा, अशी त्याची घडण आहे. मधल्या द्रुताला जोडलेल्या त्या पाव मात्रेत मेसियांला ‘वाढीव मूल्या’चे तत्त्व सापडले. पहिल्या तीन घटकांचा क्रम उलटा केला तरी तोच राहतो. त्यावरून त्याने ‘अव्युत्क्रमणीय लया’ची कल्पना मांडली. १९४४ च्या आपल्या शास्त्रग्रंथात त्याने शार्ङ्गदेवाचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे.

१९५१ मध्ये रचलेल्या ‘लिव्र दॉर्ग’ या केवळ ऑर्गनसाठी लिहिलेल्या सात भागांच्या कृतीत तो याच्याही पुढे गेला. तिच्या पहिल्या भागात प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे ताल जणू तीन पात्रे होऊन वावरतात. एक प्रत्येक फेरीत वाढतो, दुसरा आक्रसतो, तिसरा स्थिर राहतो. पुढे हीच सामग्री दोन टोकांकडून मध्याकडे, मध्याकडून टोकांकडे आणि अखेर संपूर्ण उलट्या क्रमाने येते.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. शार्ङ्गदेवाच्या लेखी देशी ताल ही कांस्यतालाच्या ध्वनीने दाखविण्याची क्रिया आहे. आवर्तन हा तिचा प्राण. फेरीगणिक बदलणाऱ्या आकृतीला त्याने ताल म्हटले असते काय? बहुधा नाही. मेसियांने घेतला तो ताल नव्हे, तालाचे लक्षण. बोलणाऱ्याच्या तोंडून न ऐकता कोशातून उचललेल्या शब्दाचे जे होते, तेच येथे झाले: रूप टिकले, प्रयोग निराळा झाला. मात्र यास अपभ्रंश म्हणून हिणविणे न्यायाचे होणार नाही. संस्कृत ‘शिक्षा’ मराठीत दंड झाली, म्हणून मराठी चुकली असे कोणी म्हणत नाही. शिवाय यांपैकी बहुतेक ताल खुद्द महाराष्ट्रातील मैफलींतूनही केव्हाच लोपले आहेत. ठेक्यांवर चालणारी हिंदुस्थानी पद्धती येथे रूढ झाली. गजझंपाचे नाव येथील तबलजीला क्वचितच ठाऊक असते. ‘लिव्र दॉर्ग’ वाजवू पाहणाऱ्या ऑर्गनवादकाला मात्र त्याचे माप नेमके सांभाळावेच लागते.