अनपेक्षित आदान (करमणुकीची सार्वजनिक यंत्रे)

कर्त्याने गृहीत न धरलेला आकडा, खटका किंवा अक्षर आत शिरल्याने यंत्रणा अडणे, हँग होणे वा अख्खी बंद पडणे. ‘कुणीतरी काहीतरी दाबलं’ हा अशा वेळचा ठरलेला निकाल. चूक मात्र बहुधा तपासणी अर्धवट ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरची असते.

संगणक-सुरक्षातज्ज्ञ ह्यू थॉम्प्सन यांनी सांगितलेला विमानातला किस्सा या विषयात नेहमी निघतो. खुर्चीसमोरच्या पडद्यावर ठोकळे रचण्याचा खेळ होता. पुढचे किती ठोकळे आधी दिसावेत ते ठरवायला अधिक-उण्याच्या खुणा होत्या. अधिकची खूण ४ वर थांबे. थॉम्प्सन यांनी खुर्चीतल्या फोनच्या बटणांवरून ५ टाकला आणि तो चालला. मग अधिकची खूणही पुन्हा चालू लागली. आकडा ‘बरोबर ४ आहे का’ एवढेच पाहिले जात असावे, ‘४ किंवा जास्त’ असे नव्हे. १२७ ओलांडताच खेळ कोसळला आणि विमानभरचे पडदे गेले. चिन्हासह आठ बिटांत त्याहून मोठी संख्या मावत नाही.

निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) तर कुणी वेडेवाकडे दाबतही नाही. खेळाडू फक्त फार पुढे जातो. वेळ ठरवताना टप्प्याला १० ने गुणून ४० मिळवतात. २२ व्या टप्प्यात २६० होतात, जागा २५५ पर्यंतचीच, त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून उरतात ४. काही सेकंदांत गडी बाद.

भोकरसारख्या तेलंगणाच्या सीमेजवळच्या गावांत मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडते, म्हणून पुढचा दोष इथे नोंदवणे रास्त. तो सार्वजनिक यंत्राचा नाही, हातातल्या फोनचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू ‘ज्ञा’ची अदृश्य विभाजक असलेली एक रचना दाखवताना आयफोनवरची ॲप बंद पडत. र जोडलेल्या काही देवनागरी रचनांतही तेच होते, हे प्रोग्रॅमर मनीष गोरेगावकर यांनी उलगडून दाखवले. आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्ती आली.

टॉकीजमध्ये बोट लावायला प्रेक्षक नसतो, पण घड्याळ असते. डिजिटल चित्रपट कुलूपबंद येतो. किल्ली ठरावीक सर्व्हरची आणि ठरावीक मुदतीची. सर्व्हरचे घड्याळ चुकले तर खरी किल्लीही नाकारली जाऊ शकते. रीळ तुटले की ऑपरेटर ते चिकटवून खेळ पुढे काढी. आता तो फोन लावतो, आणि शिट्ट्या त्यालाच पडतात.