एग बेटाची वीज

ज्या वस्तीवर विजेचे खांब पोचलेच नाहीत, तिथे उन्हाची वीज बरी, वाऱ्याची बरी, की दोन्ही मिळून? या प्रश्नाचा इतिहास सांगायचा तर स्कॉटलंडला जावं लागतं.

तिथल्या मेरीकर्क गावी १८८७ साली जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी कापडी शिडांची पवनचक्की उभारली, तिच्यावर बॅटऱ्या भरल्या आणि सुट्टीतल्या घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देतो म्हणाले, तर लोकांनी सैतानाचं काम म्हणून नाकारली! उन्हाची वीज खूप मागाहून आली. कामाचा सौर घट अमेरिकेत तयार झाला तो १९५४ साली.

त्याच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं बेट आहे. वस्ती शंभराच्या आसपास. तिथे घरोघरी डिझेलचे जनरेटर असायचे. त्यांचा आवाज, वास, आणि डिझेल आणायचं तेही बोटीतून. १९९७ साली रहिवाशांनी मालकाकडून बेटच विकत घेतलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये स्वतःची वीज सुरू केली.

ओढ्यांवर जलविद्युत, चार पवनचक्क्या आणि सौर पॅनेल. एवढं सगळं कशाला? डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम साडेसहा-सात तासांचा, पॅनेलला काम नाही. पण तेव्हा वारा-पाऊस भरपूर. मे-जूनला ओढ्यांचं पाणी कमी होतं, तेव्हा ऊन धावून येतं. तरी बॅटऱ्या आहेतच, आणि अडीनडीला डिझेलही ठेवलंय.

मला यंत्रांपेक्षा त्यांचा नियम मोलाचा वाटतो. घर लहान असो की मोठं, एका वेळी पाच किलोवॅटच्या वर वापरायचं नाही. पाण्याची किटली, वॉशिंग मशीन आणि इस्त्री एकदम लावली, की त्या घरची वीज बंद!

आपल्याकडे हिशेब वेगळा. एकट्या घराला पॅनेल सोपं. त्यात फिरणारा भाग नाही, धूळ पुसत राहायची. पवनचक्कीला उंच खांब, मोकळा वारा आणि वर चढून दुरुस्ती करणारा माणूस लागतो. खोलगट, झाडीतल्या वस्तीत ती नीट फिरायचीच नाही. घाटमाथ्यावर मात्र आषाढात ढग दाटतात तेव्हाच वारा सुटतो, तिथे दोघांची जोडी जमते. बसवायला कोणी आलं, तर त्याला आधी आषाढातल्या विजेचं विचारा. मग विचारा, बॅटरी किती वर्षांनी बदलायची, आणि तिचे पैसे तेव्हा कोण भरणार?