एकोणीस तासांची शंका : संगणकाच्या परवान्याचा इतिहास

शुक्रवार, २४ ऑगस्ट २००७. त्या दिवशी जगभरातील काही हजार संगणकांनी आपल्याच मालकांवर चोरीचा आळ घेतला. विंडोज रीतसर विकत घेतलेली, पेटीवरची किल्ली खरी. तरीही पडद्यावर सूचना झळकली, की ही प्रत अस्सल नाही. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी या धाग्यात थोडे मागे जाऊ.

एके काळी सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नसे. ते यंत्राबरोबर मिळे. १९६९ साली आयबीएमने दोहोंचे दर वेगळे करण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू ठरू लागली, आणि मग नकलेचा प्रश्नही ओघानेच आला.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर संगणकासाठी केलेली त्यांची 'बेसिक' कागदी फितीवरून हातोहात उतरवली जात होती. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली, अशी त्यांची तक्रार होती. पत्राची भाषा कडवट आहे, पण तक्रार खोटी म्हणवत नाही.

पुढच्या दशकात कंपन्यांनी कुलपे लावली. लोटस १-२-३ चालवायचे, तर मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये हवी. काही महागडी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला 'डोंगल' जोडल्याशिवाय सुरूच होत नसत. फ्लॉपी खराब झाली की अडायचा तो पैसे मोजणारा. कुलूप तोडलेली नक्कल मात्र सुखेनैव चाले.

विंडोज ९५ चे कुलूप तर फारच भाबडे होते. दुकानात मिळणाऱ्या प्रतीच्या किल्लीतील शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली जावी, एवढीच मुख्य अट. सात वेळा एक लिहिला तरी दार उघडे!

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि पारडे फिरले. आता किल्ली संगणकाच्या सुट्या भागांच्या खुणांशी बांधली गेली. तीस दिवसांत इंटरनेटवरून वा दूरध्वनीवरून सक्रियीकरण करणे भाग पडले. दूरध्वनीवर पन्नास अंक वाचून दाखवताना किती जणांची जीभ अडखळली असेल! मोठ्या संस्थांच्या प्रतींना मात्र यातून सूट होती, आणि अशाच एका संस्थेची किल्ली एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच फुटली.

म्हणून २००५ पासून दुसरी चौकी बसली : विंडोज जेन्युईन ॲडव्हान्टेज. सक्रियीकरण एकदा झाले की संपे. ही पडताळणी पुन्हा पुन्हा होऊ शके. २००७ च्या ऑगस्टमध्ये घात झाला तो इथेच.

पूर्ण तयार नसलेली आज्ञावली मानवी चुकीने प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हरांवर चढवली गेली. सक्रियीकरणाचे सर्व्हर अर्ध्या तासात पूर्ववत झाले; पडताळणीचे तब्बल एकोणीस तास चुकत राहिले. गंमत अशी, की सर्व्हर बंद पडला असता तर कोणाचेच बिघडले नसते. उत्तर न मिळाल्यास प्रत अस्सल मानावी, अशीच व्यवस्था होती. पण सर्व्हर चालू होता, आणि ठामपणे चुकीचे उत्तर देत होता. व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या खिडक्यांची पारदर्शक झळाळी गेली, इतर काही सोयीही बंद झाल्या.

बाधित संगणक बारा हजारांहून कमी होते, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. उपाय साधा होता : पुन्हा पडताळणी करायची आणि संगणक नव्याने सुरू करायचा. पण ज्याने पैसे मोजले, त्यानेच आपला प्रामाणिकपणा दुसऱ्यांदा सिद्ध करायचा, हे मला आजही खटकते.

२००८ च्या व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ मध्ये संगणक जवळजवळ निकामी करणारी शिक्षा काढून केवळ वारंवार सूचना देण्याचे धोरण आले. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रो असलेल्या अनेकांना 'तुमचा परवाना होम आवृत्तीचा आहे' असा निरोप मिळाला. दोष पुन्हा सर्व्हरकडचाच होता. तो दुरुस्त झाल्यावर सेटिंग्जमधील सक्रियीकरणाचा ट्रबलशूटर चालवला, की परवाना जागेवर येत असे.

मदरबोर्ड बदलण्याचा विचार असेल, तर आपला डिजिटल परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. नंतर त्याच ट्रबलशूटरमध्ये 'या यंत्राचे भाग नुकतेच बदलले' असा पर्याय मिळतो.