लॅपटॉपमधली व्हायोलिनं आणि मुंबईची व्हायोलिनं

हेडफोन जवळ असतील तर लावून घ्या, आजचा विषय कानांचा आहे.

'अमर अकबर अँथनी' बघितलाय ना? १९७७ चा. त्यात अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं पूर्ण नाव सांगत गातो. ते नाव काल्पनिक नाही बरं का. अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर होता. तो गोव्यातल्या माजोर्ड्याचा. संगीतकार जोडीतले प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. आपल्या गुरूचं नाव त्यांनी असं घराघरात पोचवलं. पण आपल्याला नाव पाठ झालं आणि माणूस राहूनच गेला.

आज हा विषय का, तर हल्ली घरबसल्या संगीत करणारे आपल्यासारखे बरेच जण 'स्ट्रिंग लायब्ररी' डाउनलोड करतात. म्हणजे खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेतलेला असतो आणि आपण तो कीबोर्डवर दाबतो. ही सोय येण्याआधी मुंबईत हे काम माणसं करायची. ती कोण होती आणि त्यांचं पुढे काय झालं, ते बघू.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू होता चर्चमधल्या संगीताचा. पण त्यातून कागद समोर ठेवला की लगेच वाजवू शकणारे वादक तयार झाले. मुंबईत बोलपट सुरू झाल्यावर नेमकी हीच माणसं हवी होती. गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले.

अरेंजर म्हणजे काय? संगीतकार चाल देतो. पण मागे वीस व्हायोलिनं काय वाजवणार, चेलो कुठे येणार, हे कोणीतरी लिहावं लागतं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो मोठा लोट ऐकू येतो, तो कागदावर उतरवणारे होते सेबास्टियन डिसोझा. तेही गोव्याचेच.

आता रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर आणा. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब. गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी वाजवतायत. शेवटच्या ओळीत एकाचा सूर चुकला तर सगळं पहिल्यापासून. आपल्या भाषेत सांगायचं तर अनडू बटणच नाही!

गोन्साल्विस यांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचनांची मैफल केली. पाश्चात्त्य धर्तीचा मोठा वाद्यवृंद, संगीताला रागांचा पाया आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परत आल्यावर सिनेमात न रमता माजोर्ड्यातच राहिले आणि २०१२ मध्ये गेले.

मराठीतलं उदाहरण म्हणजे प्रभाकर जोग. 'गीतरामायणा'च्या काळापासून ते सुधीर फडके यांच्यासोबत होते. 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळख. त्यांच्या वाजवण्यात गाण्यातले शब्द ऐकू येतात असं लोक म्हणायचे. ही जादू कशाची? मींडेची. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची. ही मींड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मशीनकडे. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आलं. प्रत्येक कीमागे टेपची फीत आणि त्यावर रेकॉर्ड केलेला सूर. साधारण आठ सेकंद वाजला की फीत संपली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचा डिजिटल सॅम्पलर निघाला, पण किंमत अफाट. मग २००२ च्या सुमारास व्हिएन्नातल्या एका चेलोवादकाने, हर्ब टुकमांडल यांनी, ऑर्केस्ट्राचं प्रत्येक वाद्य बारकाईने सॅम्पल करायला घेतलं. २०२० मध्ये स्पिटफायर या ब्रिटिश कंपनीने बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची 'डिस्कव्हर' ही छोटी आवृत्ती आणली. ती फक्त २०० एमबीच्या आसपास आहे. तिचं सगळ्यात मोठं भावंड शेकडो जीबींचं.

मी घणसोलीतल्या माझ्या खोलीत ही डिस्कव्हर उघडली, तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती: अरे, हे इतकं सोपं? एक की दाबली आणि अख्खा व्हायोलिन सेक्शन. मॉड्युलेशन व्हील वर नेलं की आवाज फुलतो. लांब सूर, तुटक सूर, बोटाने छेडलेले सूर, थरथर, सगळं हाताशी. लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओची हवासुद्धा सोबत येते.

मग मी एक जुनी हिंदी चाल वाजवून बघितली आणि गाडी अडली. सूर सगळे बरोबर, पण एकेक वेगळा ठेवलेला. मींड नाही. इंजिनिअर म्हणून कारण कळायला वेळ लागला नाही. महागड्या लायब्रऱ्यांमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जाणंही रेकॉर्ड केलेलं असतं, पण ते ठरावीक जोड्यांमध्ये. मींड कधी हळू जाते, कधी मधल्या श्रुतीवर रेंगाळते, कधी परत फिरते. तिचे मार्ग मोजायला गेलं तर संपणारच नाहीत. मुंबईचे वादक ते कागदावर न लिहिता करायचे. समोर पाश्चात्त्य नोटेशन आणि कानात गायकाचा गळा. ही डबल ट्रेनिंग कुठल्याही हार्ड डिस्कमध्ये नव्हती, ती माणसांत होती.

त्या माणसांचं काय झालं? आधी मल्टिट्रॅक आलं, म्हणजे कमी व्हायोलिनं पुन्हापुन्हा रेकॉर्ड करून गर्दी दाखवता येऊ लागली. मग सिंथेसायझर, मग सॅम्पलर. १९९० च्या दशकात एकेका सेक्शनचं काम एक कीबोर्डवाला करू लागला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक काढलं, म्हणून बरीच नावं तरी वाचली. सिनेमाच्या टायटलमध्ये ती सहसा नसायचीच.

आणि एक गोष्ट मला खरंच टोचते. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा अनेक वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले. ज्या शहरात कधीकाळी रोज सकाळी व्हायोलिनवाल्यांची रांग स्टुडिओत शिरायची, त्याच शहरात! काम बंद झालं की पुढच्या पिढीत शिकणारेही कमी होतात. सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन बॅकअपमधून आणता येतं. हाताचं कसब एक पिढी तुटलं की ते आणायला वीस वर्षं लागतात.

म्हणून लायब्ररी वापरू नका, असं मी म्हणत नाही. माझ्यासारख्याला वीस वादकांचं मानधन कुठून परवडणार? तिच्यामुळेच मी चार सूर जुळवायला शिकलो. फक्त एवढं करा. गाण्यात एका जागी तरी खरं व्हायोलिन घ्या. ओळखीत कोणी शिकत असेल तर त्याला बोलवा, पैसे द्या आणि डिस्क्रिप्शनमध्ये त्याचं नाव लिहा.

आणि आज रात्री लोकलमध्ये शंकर-जयकिशनचं कुठलंही गाणं लावा. गायकाकडे लक्ष न देता मागची व्हायोलिनं ऐका. कुठे घसरतात, कुठे श्वास घेतात ते बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!